दोन मिक्सर, एक खुर्ची

आमच्या वाडीतल्या रवळनाथाच्या देवळात एक हिरवी, घडीची, लोखंडी खुर्ची आहे. तिचा एक पाय आखूड आहे आणि त्याखाली नारळाच्या सोडणाचा, म्हणजे वरच्या सालीचा, तुकडा सरकवलेला असतो. मी सांगतो आहे ती गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. तोवर सलग चौदा वर्षं त्या खुर्चीवर भिकाजी सोडून कोणी बसलं नव्हतं. मनाई नव्हती. बसणारा पडायचा, एवढंच.

भिकाजी त्या खुर्चीवर बसून देवळाचा मिक्सर चालवी. मिक्सर म्हणजे काय, हे मी शाळेत मुलांना असं सांगत असे: जेवणाची पंगत बसली आहे आणि चार जण एकदम वाढायला निघाले आहेत. सगळे एकाच पानावर तुटून पडले तर जेवणारा उठून जाईल. म्हणून एक जाणता माणूस मध्ये उभा राहतो आणि सांगतो, भात पुढे, आमटी जरा थांब, मीठ चिमूटभर. भजनाच्या वेळी आमच्याकडे चार मायक असत. एक बुवांना, एक पेटीला, एक पखवाजाला आणि एक मागे साथ धरणाऱ्यांना. चारही मायकांच्या तारा मिक्सरमध्ये येत आणि तिथून कोणी किती मोठ्याने कर्ण्यात जायचं ते भिकाजी ठरवी.

त्याचा मिक्सर फणसाच्या लाकडाचा खोका होता. कुडाळच्या एका रेडिओवाल्याने तो बनवून दिला होता. त्यावर चार गोल खुंट्या. एक खुंटी कधीतरी हरवली, तिच्या जागी टूथपेस्टचं झाकण बसवलेलं. खुंट्यांवर आकडे नव्हते. आवाज खरखरला की भिकाजी खिशातून कोंबडीचं पीस काढी, खोबरेलात बुडवी आणि खुंटीच्या मुळाशी फिरवी. खरखर थांबत असे. का थांबत असे, ते मला विज्ञान शिकवूनही कधी कळलं नाही.

भिकाजी मुळात बोलत नसे. पोफळीच्या बागेत एकटा काम करी, घरी जेवी, झोपे. पण जत्रेच्या सकाळी तो त्या खुर्चीवर बसे, मायक तोंडाशी धरी आणि म्हणे, "हॅलो. हॅलो. मायक टेस्टिंग. एक. दोन. तीन. चार." मायक चार, म्हणून चारावर थांबे. खाडीपलीकडे वालावलपर्यंत ते ऐकू जाई. त्याची बायको सुशीला चुलीपाशी हातातलं काम थांबवून म्हणायची, "आमच्या घोवाचा वर्साचा भाषण झाला गो!"

त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या वाडीतला शंकर बोटीवरून रजेवर आला. बोटीच्या इंजिनखात्यात होता. सगळं जग फिरलेला. येताना जपानातून त्याने देवाला एक मिक्सर आणला. तो पत्र्याचा, काळा, चपटा होता. त्याला आठ खुंट्या होत्या, पण गोल फिरणाऱ्या नव्हेत, खालीवर सरकणाऱ्या. आणि एका खिडकीत हिरवे आकडे. त्याच्यासोबत एक ट्रान्सफॉर्मर होता, तो उचलायला दोन माणसं लागली.

"ह्या धोंड्याचा काय काम?" देवस्थान कमिटीचे अध्यक्ष अप्पा यांनी विचारलं.

"अप्पानू, जपानात वीज शंभर व्होल्टाची. आपली दोनशे तीसाची. तशी लावली तर जळान जायत."

अप्पांनी विचार केला. "म्हणजे ते अर्धी वीज खावन हेवढा करतत, आणि आमी सगळी खावन काळोखात!"

शंकर म्हणाला, हा मिक्सर डिजिटल आहे. याला आठवण आहे. "एकदा बुवांचो आवाज बसवलो की तो नंबर लक्षात ठेवता. मगे नुसतो नंबर दाबायचो. माणूस लागणा नाय."

"माणूस लागणा नाय?" अप्पा म्हणाले. "मग खुर्चेर कोण बसतलो?"

"कोणच नाय."

भिकाजी खांबाला टेकून उभा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेची घंटा व्हायच्या आधी, तो माझ्या पायरीवर येऊन बसला. मी वाट पाहिली. भिकाजीकडून वाक्य हवं असेल तर वाट पाहावी लागते, विहिरीत पाणी झिरपतं तसं.

"गुरुजी," तो शेवटी म्हणाला.

"बोल."

घंटा झाली. वर्गातली मुलं खिडकीला लोंबकळून बघू लागली.

"हॅलो कोण म्हणतलो?" त्याने विचारलं.

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो.

कमिटीत दोन तट पडले. काही म्हणाले, फुकट आलेलं जपानी सोडायचं कशाला. काही म्हणाले, फणसाचा खोका देवाच्या कानाला सवयीचा झाला आहे. मग अप्पांनी आमच्याकडे जे नेहमी होतं ते सुचवलं: देवाला कौल लावूया. आमच्याकडे लग्न ठरवायचं असो, विहीर खणायची असो की हरवलेली म्हैस शोधायची असो, कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणावर डावी-उजवीकडे पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. जी पाकळी आधी सुटून पडेल, ते देवाचं उत्तर.

गुरवाने पाकळ्या चिकटवल्या. "बा देवा रवळनाथा, म्हाराजा! उजवी सुटली तर जपानी, डावी सुटली तर भिकाजीचो. काय ता सांग!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

आम्ही बघत राहिलो. पाच मिनिटं गेली. पाकळ्या हलेनात. मग एक बारीक "ऊंऽऽऽ" असा आवाज माझ्या तळपायांना जाणवला. मी मागे वळून पाहिलं. भिकाजीने आपला खोका चालू करून ठेवला होता आणि मोठा स्पीकर थेट गाभाऱ्याच्या भिंतीला टेकवला होता. आपली बाजू देवाला ऐकू जावी, एवढाच त्याचा हेतू असावा. जुन्या मिक्सरची घरघर भिंतीतून गाभाऱ्यात शिरली, पाषाणावरचं पाणी थरथरलं, आणि दोन्ही पाकळ्या एकाच क्षणी टप्पकन खाली पडल्या.

गुरवाचा चेहरा पांढरा झाला. "चाळीस वर्सांत असा झाला नाय! देव म्हणता, दोनय बघा!"

मला कारण कळलं होतं. पण भिकाजी माझ्याकडे अशा डोळ्यांनी बघत होता, की मी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत मात्र स्पीकर आडवा ठेवून त्यावर ताट ठेवलं, ताटात मूठभर तांदूळ टाकले आणि भिकाजीचा खोका चालू केला. तांदूळ उड्या मारू लागले. मुलं हसून लोळली. सहावीतली आनंदी तेवढी हसली नाही. ती तांदळाकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "गुरुजी, म्हणजे काल...?"

"गप," मी म्हटलं. ती गप्प बसली. शहाणी मुलगी.

दोन्ही बघायचे, तर कसे बघायचे? कमिटीने ते माझ्यावर सोपवलं. रविवारी दुपारी विश्रामबुवांचं भजन ठेवायचं, आधी जपानी मिक्सरवर आणि मग फणसाच्या. शाळेतली मुलं मंडपाच्या अगदी शेवटी बसवायची. बुवांचे शब्द स्वच्छ ऐकू आले तर मुलांनी हात वर करायचा. मुलांचे कान चांगले असतात आणि त्यांना कमिटीत निवडून यायचं नसतं, असा माझा हिशोब.

हिशोब चुकला. रविवारी सकाळी शंकरने प्रत्येक मुलाला जपानी च्युइंगम वाटला. तासाभराने सुशीला आली आणि प्रत्येकाच्या हातावर मसुरे गावच्या जत्रेत मिळतं तसं गुळात घोळलेलं बेसनाचं खाजं ठेवून गेली. आता मुलांनी काय करावं? त्यांनी आपापसात ठरवलं: जपानीला उजवा हात, भिकाजीकाकांना डावा, आणि ऐकू येवो न येवो, दोन्ही वेळी वर. हे मला आनंदीने प्रामाणिकपणे सांगितलं. सांगताना तिच्या तोंडात दोन्ही होतं.

त्या रविवारच्या आधी शाळेत थोडं शिकवून घेतलं होतं. डिजिटल म्हणजे काय, असं मुलांनी विचारलं. मी म्हटलं, तुमची आई पेज वाढते तेव्हा पळी किती वाकवायची ते तिच्या मनगटाला ठाऊक असतं. थोडी, अजून थोडी, थेंबभर. मध्ये कुठे पायरी नाही. भिकाजीची खुंटी तशी. आणि घावणे वाढते तेव्हा मोजून वाढते, एक, दोन, तीन. पाहुण्याने मागच्या खेपेला पाच खाल्ले, हे ती लक्षात ठेवू शकते. जपानी मिक्सर आवाजाचे घावणे करून मोजतो.

"पण पाहुण्याचा पोट बिघडला आसला तर?" एका मुलाने विचारलं.

"तर पाचच वाढेल," मी म्हटलं.

रविवारी सकाळीच शंकरने विश्रामबुवांना रिकाम्या मंडपात बसवून आवाज बसवून घेतला. बुवा घसा राखून गायले. राखून म्हणजे पुटपुटलेच. म्हणून शंकरने खुंट्या वर नेल्या, बटण दाबलं आणि ते सगळं तीन नंबरावर साठवलं. मग बुवा वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार जेवले, तासभर आडवे झाले आणि ताजेतवाने होऊन परतले.

मंडप भरला. शंकर मिक्सरपाशी गेला, खुर्चीकडे त्याने पाहिलंही नाही. सकाळी त्याने खुंट्या सगळ्या तळाला नेऊन ठेवल्या होत्या. सगळ्यांना दिसेल असं बोट उंच धरून त्याने तीन नंबर दाबला.

सर्रर्र आवाज झाला आणि आठही खुंट्या आपोआप वर सरकल्या. एक अर्ध्यावर थांबली, एक पाऊणावर, एक नको नको म्हणत जराशी मागे आली. आतमध्ये बारक्या मोटारी होत्या, हे शंकर नंतर सांगणार होता.

"कोणी हात लायलो?" अप्पांनी हळूच विचारलं.

"कोणीच नाय."

"म्हणजे देवचार."

देवचार म्हणजे आमच्या वाडीच्या वेशीचा राखणदार. तो दिसत नाही, पण असतो. त्याला विडी आवडते. अप्पांनी कानावरची विडी काढली, जपानी मिक्सरवर ठेवली आणि हात जोडले.

"अप्पानू, ती मोटार आसा!" शंकर म्हणाला.

"तू गप ऱ्हव. बोटीर ऱ्हवान तुका काय कळता!" अप्पांनी गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवचारा, म्हाराजा! तू दर्यातसून इलस, पत्र्याच्या खोक्यात बसान इलस. हयचा पाणी तुका मानवंदे. काय चूकभूल झाली तर पोटात घाल. आणि आमच्या बुवांचो आवाज बरो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

चार मायक चालू होते. तीनशे माणसांचं "व्हय म्हाराजा" त्यात शिरलं आणि मिक्सरवरचे सगळे दिवे लालभडक झाले. लोकांनी समजायचं ते समजून पुन्हा नमस्कार केला.

विश्रामबुवांना हे आवडलं नाही. बुवा गायला बसले असताना लोक पत्र्याला नमस्कार करतात, हे कुठल्याही बुवाला आवडणार नाही. "माझ्या आवाजाक काय धाड भरली हा?" म्हणत त्यांनी पहिला अभंग सुरू केला तो सकाळच्या पाचपट जोराने. शंकर मात्र मंडपाच्या कडेला चहा पीत उभा. माणूस लागत नाही हे त्याला दाखवायचं होतं ना. लोक अजून खुंट्यांकडेच बघताहेत हे पाहून बुवा उठले, मायक हातात घेतला आणि लोकांच्या पुढ्यात, थेट कर्ण्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

मग कर्ण्यातून जी शीळ निघाली, ती मी आयुष्यात विसरणार नाही. कर्ण्यातला आवाज मायकात, मायकातला पुन्हा कर्ण्यात, असा गोल गोल फिरून वाढत जातो तेव्हा अशी शीळ होते. देवळाच्या वडावरचे कावळे एकदम उडाले. गुरवाची गाय दावं तोडून गेली. पाठीमागे बसलेल्या सगळ्या मुलांनी दोन्ही हातांनी कान झाकले.

"बघा, बघा!" अप्पा ओरडले. "सगळ्यांनी हात वर केलेनी! दोन-दोन!"

भिकाजीला हे सोसेना. तो कोपऱ्यातून धावत आला आणि त्याने बोटाने बुवांची खुंटी सर्रकन खाली ओढली. शीळ थांबली.

"हात लावू नको रे!" शंकर चहा टाकून धावला आणि त्याने तीन नंबर दाबला. खुंटी वर निघाली. शीळ आली. भिकाजीने ती खाली दाबली. शंकरने पुन्हा तीन. आता भिकाजीने बोट काढलंच नाही. मोटार खुंटी वर ढकलत होती, भिकाजी खाली. मिक्सरमधून "घुर्र घुर्र" येऊ लागलं. भिकाजीच्या कपाळाची शीर फुगली.

लोक उभे राहिले. "सोडू नको रे भिकाजी!"

"मेलो देवचारावांगडा झुजता!"

"डाव्या हाताक घे! डाव्या हाताक!"

"घरात एक टोपली उचलणा नाय," सुशीला म्हणाली, "आणि हय बघा!" पण ती पदर खोचून पुढे आली होती आणि तिच्या मुठी आवळलेल्या होत्या.

विश्रामबुवा अजून गात होते. त्यांच्याकडे फक्त मी बघत होतो, तेही शिष्टाचार म्हणून.

शंकरला उभ्याने बटणं नीट दिसेनात. त्या धांदलीत त्याने हात मागे नेला, खुर्ची ओढली आणि बसला.

सोडणाचा तुकडा निसटला. खुर्ची डावीकडे कलंडली. शंकरने आधारासाठी हात मारला तो थेट मिक्सरवर, आठ-दहा बटणांवर एकदम, आणि तो खाली गेला. पाय वर, चहाचा पेला पोटावर.

भिकाजीने दमून बोट काढलं. खुंटी जिथे होती तिथेच राहिली. शंकर कमरेवर हात ठेवून उठला आणि हट्टाने पुन्हा तीन नंबर दाबला. खुंटी केसभर थरथरली. हलली नाही.

पडता पडता शंकरच्या हाताने साठवायचं बटण दाबलं होतं. तीन नंबरावर आता शंकरची सकाळ नव्हती. भिकाजीचं बोट होतं.

भिकाजीला ते ठाऊक नव्हतं. त्याने संशयाने खुंटी पार वर ढकलली आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतः तीन नंबर दाबला. खुंटी सर्रर्र खाली आली आणि जिथे त्याने मघाशी धरून ठेवली होती, बरोबर तिथे थांबली. त्याने पुन्हा वर ढकलली. ती पुन्हा आली.

"गुरुजी," आनंदी ओरडली, "तो भिकाजीकाकांची नक्कल करता!"

"पाठ झालं त्याला," मी म्हटलं. "पाठांतर पक्कं आहे."

"पण बुवा परत उठान चलाक लागले तर?"

ती म्हणायचा अवकाश, बुवा चालू लागले. लोक आपल्याकडे बघत नाहीत म्हणून ते आता मंडपाला प्रदक्षिणाच घालत होते. कर्ण्याजवळ गेले की आवाज भडके, लांब गेले की बुडे. तीन नंबर आपल्या जागी ढिम्म. भिकाजीने खुर्ची उचलली, सोडणाचा तुकडा शोधून पायाखाली सरकवला आणि बसला. बुवांवर डोळा ठेवून त्याचं बोट खुंटीवर खालीवर होऊ लागलं. शब्द न् शब्द मागच्या रांगेपर्यंत आला.

आनंदीने उजवा हात वर केला. मग जरा विचार करून डावाही केला. या वेळी तिच्या तोंडात काही नव्हतं.

फणसाच्या खोक्याची परीक्षा व्हायची राहिली होती, पण ती वीजमंडळाने घेतली. दहा मिनिटांत लाइट गेले. जपानी मिक्सरचे आकडे विझले. शंकरच्या ट्रान्सफॉर्मरचा धोंडा पुन्हा नुसता धोंडा झाला. भिकाजीने काही न बोलता चार तारा काढल्या, आपल्या खोक्यात खोवल्या आणि खोका, कर्ण्यासकट, गाडीच्या बॅटरीला जोडला. बुवांना मध्ये काही झालं हे कळलंसुद्धा नाही. ते तिसऱ्या प्रदक्षिणेला निघाले होते.

भजन संपल्यावर कमिटी बसली. अप्पांनी विचारलं, "शंकर, तुझा काय म्हणणा?"

शंकर कंबर चोळत म्हणाला, "मी आठ म्हयन्यांसाठी बोटीर जातलंय. ह्या मिक्सराक कोणीतरी शिकवक होयो. आणि खुर्चेर बसणारो होयोच. माका काय जमाक नाय ता."

ठराव मी लिहिला, अप्पांनी सांगितला: जपानी मिक्सर जत्रेला लावावा. फणसाचा खोका शेजारी ठेवावा, लाइट जातात म्हणून. दोन्हीकडे भिकाजीने बघावे. खुर्ची बदलू नये. "आणि खाली लिवा," गुरव म्हणाला, "देवान ह्या आदीच सांगितल्यान होता." मी लिहिलं. आनंदी खिडकीतून बघत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

जत्रेच्या सकाळी मी घरी चहा घेत होतो. कर्णा खरखरला. मग थोडा वेळ काहीच नाही. कोंबडीचं पीस फिरत असावं, कुठल्या मिक्सरवर देव जाणे.

"हॅलो," भिकाजी म्हणाला. "हॅलो. मायक टेस्टिंग. एक. दोन. तीन. चार."

मी पेला खाली ठेवायला गेलो. पण कर्णा बंद झाला नाही. नव्या मिक्सरला खुंट्या आठ होत्या.

"पाच," भिकाजी म्हणाला. मग जरा घसा साफ केला. "सहा. सात. आठ."

शेजारच्या अंगणातून सुशीलेचा आवाज आला, "ऐकलास गो? ह्या वर्सा भाषण वाढला!"